झाड माळ्यावर, व्याही दारात

चहा घ्या आधी. हा किस्सा कोरड्या घशानं सांगताच येत नाही मला. गेल्या नाताळात मी जी माती खाल्ली ना, तशी आमच्या अख्ख्या खानदानात कुणी खाल्ली नसेल! आणि गंमत बघा, त्या खाल्लेल्या मातीबद्दल मी आजही रोज सकाळी देवाचे आभार मानतो. का, ते सांगतो. पण मधे मधे हसू नका, मला चूक कबूल करताना लाज वाटते.

आम्ही जालन्याचे. मस्तगडच्या खालच्या अंगाला एक गल्ली आहे, तिथं राहतो. मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. भिंतीला भिंत लागून गौतमदादा, बौद्ध समाजातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. समोर जोशीकाकू. काकूंची दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला, त्यामुळं काकूंचं सगळं लक्ष गल्लीवर. कुणाच्या घरी कोणती भाजी शिजली हे त्या घरच्या माणसाच्या आधी काकूंना कळतं.

आणि आमच्या ओट्यावर दर डिसेंबरला झाड.

झाड म्हटल्यावर लगेच कॅलेंडरवरचं, बर्फातलं, टोकदार झाड डोळ्यांसमोर आणू नका. जालन्यात ते कुठून आणायचं? आमची मुलगी रिबेका, म्हणजे रिबू, दोन वर्षांची होती तेव्हा मी एक लोखंडी सळई उभी केली. तिला तारेनं खराटे बांधले, खाली मोठे, वर लहान, आणि सगळ्याला हिरवा ऑइलपेंट मारला. झालं झाड! पहिल्या वर्षी जोशीकाकूंनी विचारलंसुद्धा, "सर, एवढे खराटे वाळत का घातलेत?" पण संध्याकाळी त्यावर दिवे लागले आणि काकू पाच मिनिटं गप्प उभ्या राहिल्या. काकू पाच मिनिटं गप्प, म्हणजे बघा!

तेव्हापासून बावीस वर्षं ते झाड आमचं कमी आणि गल्लीचं जास्त. एक डिसेंबरला मी ते माळ्यावरून उतरवायचं आणि पोरांनी धावत यायचं. कुणी बांगड्यांचे तुकडे ओवून आणतं, कुणी चॉकलेटचे कागद, कुणी बापाची जुनी सीडी. गौतमदादांची नात दर वर्षी कागदाचं पिंपळपान कापून आणते. आमची मार्था, म्हणजे आमचं कुटुंब, प्रत्येक पोराच्या हातावर एक करंजी ठेवते. असं सगळं छान चाललं होतं. मग मी तोंड उघडलं.

रिबूचं लग्न ठरलं अंकुशनगरला. मुलगा विनय, अगदी गुणी. वडील शमुवेलराव तिथल्या साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. दर रविवारी आपल्या घरी प्रार्थनासभा चालवतात. माणूस सरळ, देवभिरू, आणि आवाज असा की पहिल्या रांगेतलं लेकरू दचकून रडायला लागतं. बघण्याचा कार्यक्रम आणि साखरपुडा, दोन्ही परतूरला माझ्या थोरल्या भावाच्या घरी झाले, त्यामुळं व्याह्यांनी आमचं जालन्याचं घर पाहिलेलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा, माझ्या सगळ्या हिमतीचं मूळ इथं आहे.

साखरपुड्याला अंगठ्या झाल्या, पेढे झाले, आणि शमुवेलराव चार शब्द बोलायला उठले. चार शब्द पाऊण तास चालले. शेवटी गाडी नाताळवर आली.

"ख्रिस्ती माणसाच्या घरात झाड कशाला पाह्यजे, मला सांगा! लाकूड आणायचं, त्याला चमचम गुंडाळायची, अन् त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायचे. प्रभू गोठ्यात जन्मला का झाडावर? ज्याचा वाढदिवस, तो राह्यला बाजूला अन् लोकं दिवे मोजून राह्यले!"

आता खरं सांगू? हा वाद काही मला नवा नव्हता. आमच्या चर्चच्या मंडळीतसुद्धा दर वर्षी ह्यावर दोन गट पडतात. मी इतकी वर्षं दुसऱ्या गटात बसून छातीठोकपणे सांगायचो की झाड हा आनंद आहे, भक्ती नव्हे. पण शमुवेलराव एकदम माझ्याकडं वळले.

"काय व्याही, तुमच्याकडं असतं का हो झाड?"

पन्नास पाहुणे. पेढ्याचा घास तोंडात. समोर लेकीचं सासर. माझी छाती कुठल्या कुठं गेली.

"छे छे!" मी म्हणालो. "झाड? अन् आमच्या घरात? आमच्याकडं कुंडीसुद्धा न्हाई!"

कुंडी मधेच कुठून आली ते मला विचारू नका. खोटं बोलायची सवय नसली की माणसाला माप राहत नाही. आमच्या ओट्यावर एकतीस कुंड्या आहेत. मार्थानं माझ्याकडं असं पाहिलं की तोंडातला पेढा कडू झाला.

शमुवेलराव मात्र खूश. "बघा! असा माणूस पाह्यजे! वाजवा टाळ्या!" पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी हात जोडून त्या घेतल्यासुद्धा. टाळ्या घेतल्यावर मग परत कशा करायच्या?

मे महिन्यात लग्न झालं, तेही तिकडं अंकुशनगरलाच, घरच्या मोजक्या माणसांत. नोव्हेंबर संपता संपता व्याह्यांचा फोन आला. "व्याही, पोरांचा पहिला नाताळसण हाय. आम्ही समदे चोवीस तारखेला दुपारी येतो, दोन दिवस राहतो. तुमचं घर एकदा डोळे भरून बघायचंय!"

मी घाबरलोच. तुम्ही म्हणाल, एवढं काय? अहो, लेकीचं सासर आहे! सहा महिन्यांचा नवा संसार. बाप खोटारडा निघाला तर माझ्या पोरीनं त्या घरात मान वर करून कसं वावरायचं? उद्या ती काही बोलली आणि कुणी म्हणालं, "बापासारखीच दिसते," तर? मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

मार्था म्हणाली, "आत्ताच्या आत्ता फोन लावा अन् खरं सांगून टाका."

"कसं सांगू? टाळ्या घेतल्यात मी!"

"मंग असं सांगा, आमच्या झाडात लाकूडच न्हाई. खराटे हायेत निव्वळ."

"अन् कुंड्या?"

त्यावर तिनं कपाळाला हात लावला आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं. ते चोवीस तारखेपर्यंत बंदच होतं.

रिबूला मी फोन केला. "हे बघ बेटा, झाडाबद्दल सासऱ्यांपुढं अवाक्षर काढायचं न्हाई."

"बाबा, अहो पण..."

"पण न्हाई अन् बिण न्हाई!" फोन ठेवला. पुढं तीनदा बोलणं झालं, तिन्ही वेळा ती "बाबा, पण" म्हणाली आणि तिन्ही वेळा मी फोन ठेवला. कडक बाप ना मी!

एक डिसेंबर आला. पोरं ओट्यावर जमली. "सर, झाड?"

"यंदा न्हाई."

"का हो सर?"

"न्हाई म्हणलं ना!" मी दार लावून घेतलं. दारावरची कागदी चांदणीसुद्धा लावली नाही. व्याही चांदणीबद्दल काही बोलले नव्हते, पण धोका कशाला पत्करा?

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी कुंड्या हलवायला काढल्या. त्या ठेवायच्या कुठं? गौतमदादांच्या गच्चीवर. एकतीस कुंड्या एकेक करून जिन्यानं वर नेल्या. शेवटची शेवंतीची, सगळ्यात जड. वर पोचलो तेव्हा मला धाप लागलेली, डोळ्यांतून पाणी, आवाज फुटत नव्हता.

"सर, हे काय चाललंय?" दादांनी विचारलं.

"व्याह्यांमुळं करावं लागून राह्यलं, दादा," मी कसाबसा म्हणालो. "जास्त विचारू नका."

दादांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझ्या हातातली कुंडी घेतली, खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा, सर. आपल्या हातात काय असतं?"

मला भरून आलं. म्हटलं, बघा, शेजारी असावा तर असा! माझं झाड गेल्याचं ह्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त दुःख.

मग काकूंकडं गेलो. "काकू, तुमच्या दोन सतरंज्या द्या. अंकुशनगरहून माणसं येणार हायेत, दोन दिवस राहतील."

काकूंनी नेहमीप्रमाणं सतरा प्रश्न विचारायला हवे होते. एकही नाही! निमूटपणे सतरंज्या काढून दिल्या. वर म्हणाल्या, "लागलं तर आणखी घेऊन जा. संकोच करू नका."

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे माझं डोकं. व्याह्यांसमोर जरा तरतरीत दिसावं म्हणून मी घरीच कलप लावला. कलप इकडं काळा, तिकडं जांभळा, मधे पांढरे चट्टे. आरशात बघून मीच घाबरलो. तडक सलूनमध्ये गेलो आणि म्हणालो, बाबा, सगळंच बारीक कर. त्यानं मशीन फिरवली ती अशी की डोक्यावर एक केस हाताला लागेना.

आता तुम्हीच गल्लीच्या जागी बसून बघा. आपल्याकडं रीत काय आहे? ज्या घरात दुःख झालं त्या घरात सण करत नाहीत. तोरण नाही, रोषणाई नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा सरांच्या दारात झाड नाही. चांदणी नाही. फुलझाडंसुद्धा उचलली. सतरंज्या मागून नेल्या. बाहेरगावचे नातेवाईक येऊन राहणार. सरांनी डोकं भादरलं. बाईंचे डोळे सुजलेले, त्या नवऱ्याशी बोलत नाहीत आणि काकू विचारायला गेल्या तर "ह्यांनाच विचारा" म्हणून आत निघून गेल्या. आणि सरांनी स्वतःच्या तोंडानं दादांना सांगितलं, व्याह्यांमुळं.

गल्लीनं दोन अधिक दोन चार केले. अंकुशनगरचे शमुवेलराव गेले!

गल्लीचा मोबाइलवर ग्रुप आहे. तिथं सगळी चर्चा झाली, कुणी काय आणायचं ते ठरलं, हात जोडलेली चित्रं पडली. मग मला कसं कळलं नाही? अहो, मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं! दुःखातल्या माणसाला फोनचा त्रास नको म्हणून.

चोवीस तारीख. दुपारचे तीन. मी इस्त्रीचा सदरा घालून, सतरंज्या अंथरून पाहुण्यांची वाट बघतोय. आत मार्था करंज्या तळतीय. दार वाजलं. उघडलं तर समोर गौतमदादा, पांढऱ्या शर्टात. मागं प्रज्ञावहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस. मागं जोशीकाकू, हातात मोठा डबा. त्यांच्या मागं अर्धी गल्ली.

"या, या!" मी म्हणालो.

एकेक जण चपला काढून आत आला आणि सतरंजीवर मान खाली घालून बसला. वीसेक माणसं, आणि आवाज फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मोर्चा! झाड लावलं नाही म्हणून गल्ली रुसली, आणि आता मूक आंदोलन करायला आली. मला अपराधी वाटायला लागलं. मी समोर बसलो आणि घसा साफ केला.

"मला कळतंय, तुम्हाला वाईट वाटलं. मलाही वाटतं. पण पोरीच्या सासरचा मामला हाय."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "पोरीचं वय तरी काय हो!"

"न्हाई तर काय. सहा-सात महिने झाले फक्त लग्नाला."

सगळीकडून च्च च्च झालं. मी म्हणालो, "बसा, मी चहा टाकायला सांगतो."

"अजिबात न्हाई!" प्रज्ञावहिनी म्हणाल्या. "गॅस पेटवू नका सर. आम्ही पिठलं-भाकरी आणलीय."

पिठलं-भाकरी म्हटल्यावर मात्र माझ्या डोक्यात काहीतरी हललं. गॅस पेटवू नका? पिठलं-भाकरी? हे असं कधी आणतात? तेवढ्यात आतून तळणाचा वास आला, काकूंनी नाक वर करून हुंगलं आणि चमकून आतल्या दाराकडं पाहिलं. आणि बाहेर रिक्षा थांबली.

रिक्षाच्या टपावर लांबलचक काहीतरी बांधलेलं होतं. मागून एक जण कुजबुजला, "बांबू आले वाटतं."

"गप रे," दादा दबक्या आवाजात म्हणाले. "त्यांच्यात पेटी असते."

बांबू नव्हते ते, ऊस होते. व्याह्यांनी पोरांसाठी आणलेले. रिक्षातून शमुवेलराव उतरले, विहीणबाई उतरल्या, विनय मोसंबीची पिशवी घेऊन उतरला आणि शेवटी लालभडक साडीत आमची रिबू. शमुवेलराव दारात आले. खोलीभर माणसं, सतरंजी, खाली घातलेल्या माना. त्यांचा चेहरा असा उजळला म्हणता!

"प्रभूची स्तुती असो! व्याही, नाताळच्या आदल्या दिवशी प्रार्थनासभा? अन् एवढी माणसं?"

ते तडक पुढं जाऊन गौतमदादांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. तिकडं काकूंनी रिबूला मिठी मारून हंबरडा फोडला. "अगं माझी बाई गं!" रिबू घाबरून पांढरी पडली. "काय झालं? आई कुठंय?" तर आई आतून करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि वीस माणसं बघून जागच्या जागी थांबली.

गौतमदादांनी हळूच शमुवेलरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपण मयताचे कोण?"

शमुवेलरावांनी एक डोळा उघडला. "कुणाच्या मयताचे?"

"शमुवेलरावांच्या. अंकुशनगरच्या."

दुसरा डोळा उघडला. "मीच शमुवेल."

दादा बसल्या जागी दोन हात मागं सरकले. काकूंचा हंबरडा मधेच तुटला.

"मी मेलो म्हणून कुणी सांगितलं?" शमुवेलरावांनी विचारलं, आणि वीस माणसांची वीस बोटं माझ्याकडं वळली.

"मी? मी कधी म्हणलो?"

मग काकू सुटल्या. इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं बोलणं ते! "मंग झाड का न्हाई लावलं? बावीस वर्षं लावता की! पोरं रडत घरी गेली! चांदणी टांगली न्हाई, एवढ्या कुंड्या नेऊन दादांच्या गच्चीवर टाकल्या, डोकं भादरलं, माझ्या सतरंज्या नेल्या! मंग काय समजायचं माणसानं?"

"झाड?" शमुवेलराव म्हणाले. मग जरा थांबून, "कुंड्या?"

मी सतरंजीची घडी सरळ करायला लागलो.

"किती कुंड्या?" त्यांनी दादांना विचारलं.

दादा आयुष्यभर हेडमास्तर. खोटं कसं बोलणार? "एकतीस," ते म्हणाले.

संपलं. मी रिबूकडं पाहिलं. तिची मान खाली. अहो, ज्या एका गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला, तीच गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडत होती. पोरीची मान खाली गेली होती, आणि माझ्यामुळं. अख्ख्या गल्लीसमोर, भादरलेल्या डोक्यानं मी उभा राहिलो.

"शमुवेलराव, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "झाड हाय. बावीस वर्षांपासून हाय. माळ्यावर लपवलंय. मला वाटलं तुम्ही नाराज व्हाल अन् त्याचा त्रास पोरीला होईल. तिचा काही दोष न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

शमुवेलराव मांडी सोडून पुढं सरकले. मग म्हणाले, "खराट्याचं हाय ना?"

"आं?"

"झाड. खराट्याचं. हिरवा ऑइलपेंट मारलेलं. शेंड्याला कागदाचं पिंपळपान. मला सगळं माहीत हाय. सूनबाईनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात अल्बम दाखवला. माझी सून खोटं बोलत न्हाई. आईवर गेलीय."

"मी सांगतच होते, बाबा!" रिबू म्हणाली. "तुम्ही फोन ठेवायचे!" तिनं मान वर केली, आणि बघतो तर काय, ती हसू दाबत होती. मघापासून!

"मंग तुम्ही बोललात का न्हाई?" मी व्याह्यांना विचारलं.

"तुम्ही कधी सांगता ते बघून राह्यल्तो. म्हणलं, किती दिवस निभावतो हा माणूस? पण एवढ्यासाठी मला मारूनच टाकाल, असं न्हवतं वाटलं."

पहिल्यांदा विहीणबाई हसल्या. मग काकू. मग जी खोली हसायला लागली ती थांबेना. मी हसावं का रडावं ह्या विचारात होतो, तर दोन्ही झालं.

हसू ओसरल्यावर शमुवेलराव गंभीर झाले. "एक गोष्ट मात्र ऐका, व्याही. माझं मत बदललेलं न्हाई. माझ्या घरात झाड येणार न्हाई. मला त्याच्यात धोका दिसतो, माणसाचं ध्यान भलतीकडं जातं. पण मी झाड नको म्हणल्तो. खोटं बोला, असं म्हणल्तो का?"

"न्हाई."

"मंग?" ते खोलीभर बसलेल्या माणसांकडं वळले. भाकरीचे डबे, पांढरे शर्ट, काकूंचे ओले डोळे, सगळं त्यांनी नीट पाहिलं. "अन् एक सांगतो. एखाद्या साली माझ्या दारात काही दिसलं न्हाई म्हणून गल्ली अशी धावत येईल, असं माझ्या दारात काहीच न्हाई. ह्याचा मला घरी जाऊन विचार करावा लागंल. काढा तुमचं झाड."

"तुम्ही हात लावाल?" काकूंनी लगेच विचारलं.

"सजवणार न्हाई," शमुवेलराव म्हणाले. "स्टूल धरतो."

आणि त्यांनी धरलं! मी माळ्यावर, विनय खाली, आणि सत्तरीला आलेला तो माणूस दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून, "सावकाश, व्याही, सावकाश," म्हणत उभा. झाड ओट्यावर आलं तसं पोरांना निरोप गेला. पंधरा मिनिटांत बांगड्या, कागद, सीड्या, सगळं आलं. दादांच्या नातीनं पिंपळपान कापून ठेवलेलंच होतं, नुसतं वहीत दाबून ठेवलं होतं बिचारीनं. विहीणबाईंनी चांदणी टांगली. शमुवेलराव झाडाकडं पाठ करून पोरांना ऊस सोलून देत होते. पण दिवे लागले तेव्हा त्यांनी एकदा वळून पाहिलं, हे मी पाहिलं.

मग सगळे सतरंज्यांवर बसले. प्रज्ञावहिनींनी डबे उघडले. दुःखाच्या घरी आणलेलं पिठलं, सणाच्या करंज्या आणि व्याह्यांकडची मोसंबी, असं जेवण मी जन्मात जेवलो नव्हतो. मधेच मी हातातली भाकरी खाली ठेवली. ह्या लोकांनी शमुवेलरावांना कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. सरांचं कुणीतरी गेलं, एवढंच त्यांना ठाऊक. तेवढ्यावर कुणी दुकान बंद करून आलं होतं, कुणी पीठ मळून आलं होतं, आणि ज्या काकूंना विचारल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी दोन दिवस मला एक प्रश्न विचारला नव्हता. आपल्याला काय काय मिळालेलं असतं ते माणसाला माहीतच नसतं बघा. माझ्या मूर्खपणानं ते मला सगळं एकदम, एका सतरंजीवर बसलेलं दाखवलं. मी तसं बोललोही सगळ्यांसमोर.

जेवणं झाल्यावर मी म्हणालो, "शमुवेलराव, आज आभाराची प्रार्थना तुम्ही करा."

गल्लीनं हात जोडले. ज्याला जसे जमतात तसे. मला वाटलं, आता पाऊण तास. पण शमुवेलरावांनी डोळे मिटले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले.

"प्रभू, ह्या अन्नाबद्दल तुझे आभार. ह्या शेजाऱ्यांबद्दल तुझे आभार. मी जिवंत हाय, त्याबद्दलही आभार. अन् माझ्या सुनेच्या वडलांना तू खोटं बोलायची अक्कल दिली न्हाईस, त्याबद्दल तुझे विशेष आभार."

"आमेन!" अख्खी गल्ली म्हणाली.

आणि त्यात सगळ्यात मोठा आमेन कुणाचा असेल? जी महिनाभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, तिचा!